अफूच्या परवान्यापासून औषधोपचारापर्यंत : भारतातील अफू-अवलंबित्वाचा ऐतिहासिक अभ्यास (१८९३ ते २०१९)

प्रस्तावना :
अफू हे मानवाला ज्ञात असलेल्या प्राचीन वेदनाशामकांपैकी एक होय. अफूतील मॉर्फिन, त्यापासून तयार होणारे हेरॉइन व तत्सम कृत्रिम औषधे यांना एकत्रितपणे ओपिऑइड म्हणतात. सततच्या सेवनाने शरीर या द्रव्यांना सरावते, पूर्वीची मात्रा अपुरी पडते आणि सेवनावरील ताबा सुटतो. सेवन अचानक थांबविल्यास अंगदुखी, जुलाब, निद्रानाश व तीव्र अस्वस्थता उद्भवते. या अवस्थेसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९६४ मध्ये 'व्यसन' या संज्ञेऐवजी 'अवलंबित्व' ही संज्ञा सुचविली. या अवस्थेतील व्यक्तीकडे भारतातील शासनाने व समाजाने कोणत्या दृष्टीने पाहिले आणि त्याचा उपचारांवर कोणता परिणाम झाला, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

१) महसुलाचा ग्राहक :
एकोणिसाव्या शतकात अफू हे ब्रिटिश शासनाच्या उत्पन्नाचे महत्त्वाचे साधन होते. इंग्लंडमधील अफूविरोधी चळवळीच्या दबावामुळे १८९३ मध्ये लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमण्यात आला. सातशेहून अधिक साक्षी नोंदवून आयोगाने १८९५ मध्ये अहवाल सादर केला. भारतीय लोक अफूचे सेवन सामान्यतः मर्यादेत करतात, म्हणून बंदीची आवश्यकता नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. हेन्री विल्सन या सदस्याने मात्र भिन्नमत नोंदविले. सेवन मर्यादित ठरल्यामुळे उपचारांचा प्रश्न शासनापुढे ठळकपणे उभा राहिला नाही.
मुंबईच्या गिरणगावात या प्रश्नाचे वेगळे रूप दिसते. कामावर जाणाऱ्या स्त्रिया तान्ह्या मुलांना अफूयुक्त 'बाळागोळी' देत. मूल झोपून राहावे, हा त्यामागील हेतू असे. येथे अफू चैनीसाठी नव्हे, तर पाळणाघराच्या अभावी वापरली जात होती. १९३१ च्या शाही श्रम आयोगाच्या अहवालानेही या प्रथेची दखल घेतली.

२) नोंदणीकृत अफूसेवक :
स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या अखिल भारतीय अफू परिषदेत अफूचा पुरवठा दरवर्षी कमी करून दहा वर्षांत बिगरवैद्यकीय सेवन थांबविण्याचे ठरले. त्यानुसार १९५९ पासून वैद्यकीय कारणास्तव नोंदणी झालेल्या व्यक्तींनाच ठरावीक अफू मिळू लागली. या व्यवस्थेचे स्वरूप प्रशासकीय होते. तिला उपचार म्हणता येणार नाही. तथापि, ज्याचे शरीर अफूविना चालू शकत नाही, त्याला नियंत्रित मात्रा द्यावी, हे तत्त्व तीत अनुस्यूत होते.

३) गुन्हेगार की रुग्ण? :
१९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात 'गर्द' अर्थात ब्राऊन शुगर पसरली. तिच्या आहारी गेलेल्या तरुणाला समाजाने 'गर्दुल्ला' ठरविले. १९८५ च्या गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाने कठोर शिक्षा आणल्या. मात्र त्याच कायद्यात उपचार केंद्रांची व नोंदणीकृत व्यक्तींना पुरवठा करण्याची तरतूद कायम राहिली. १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने पुण्यात 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. व्यसनी माणूस हा रुग्ण आहे, हा विचार मराठी समाजात रुजविण्यात या कार्याचा मोठा वाटा आहे.

४) पर्यायी औषधोपचार :
केवळ द्रव्य सोडविणे पुरेसे नसते. सेवन थांबल्यावर शरीराची सहनशक्ती घटते. अशा वेळी जुनी मात्रा पुन्हा घेतल्यास श्वास मंदावून मृत्यू ओढवू शकतो. न्यूयॉर्कमध्ये डोल व निसवांडर यांनी १९६५ मध्ये मेथाडोनच्या नियमित मात्रेचे परिणाम प्रसिद्ध केले. मेथाडोन व ब्युप्रेनॉर्फिन मेंदूतील त्याच ग्राहींवर दीर्घकाळ कार्य करतात. त्यामुळे ओढ कमी होते व रुग्ण कामधंद्याकडे वळू शकतो. २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही दोन्ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत समाविष्ट केली. मणिपूरमध्ये १९८९-९० च्या सुमारास सुईद्वारे हेरॉइन घेणाऱ्यांत एचआयव्हीचा झपाट्याने प्रसार झाला होता. त्यातून या उपचाराची निकड स्पष्ट झाली आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात (२००७-१२) त्यास स्थान मिळाले.

निष्कर्ष :
नोंदणीची जुनी पद्धत आणि आधुनिक पर्यायी उपचार यांत देखरेखीखालील नियमित मात्रा हे साम्य आहे. परंतु पहिलीचा हेतू हिशेबाचा, तर दुसऱ्याचा आरोग्याचा आहे. म्हणून 'एका व्यसनाऐवजी दुसरे व्यसन' हा आक्षेप टिकत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ७७ लाख व्यक्तींना ओपिऑइडच्या समस्येसाठी मदतीची गरज होती. शासनाने एकेकाळी तोळामाशाच्या हिशेबाने अफू घरोघरी पोहोचू दिली. तीच काटेकोर व्यवस्था औषध व समुपदेशन पोहोचविण्यासाठी उभी राहणे, हीच या इतिहासाची शिकवण होय.