झिजलेले टायर ट्रॅकवर चालतील का? आधी हे तपासा
कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर आपली साधी कार चालवायचं ठरलं, तेव्हा मी वाशीत (जि. धाराशिव) घरासमोरच चारही चाकं काढून टायर तपासले.

नक्षी: नव्या टायरला साधारण ८ मिमी असते, कारसाठी कायद्याने किमान १.६ मिमी लागते. कोरड्या ट्रॅकवर अर्धी झिजलेली नक्षी उलट बरी. रबराचे ठोकळे कमी हलतात, म्हणून कमी तापतात. पण पाऊस आला, की उथळ खाचांतून पाणी बाहेर पडत नाही आणि गाडी तरंगते.

वय: बाजूवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे बघा. २३१७ म्हणजे २०१७ चा २३ वा आठवडा. जुनं रबर कडक होतं, पकड जाते.

इजा: भेगा, फुगवटा, बाजूचं पंक्चर, उघड्या तारा, यातलं एकही दिसलं तर ट्रॅक विसरा. आतली बाजू टॉर्च मारून बघाच.

माझ्या टायरांवर ४ मिमी नक्षी होती, पण एकाला आतल्या बाजूने फुगवटा निघाला. गाडी चालवताना कधी जाणवलाच नव्हता! बेत रद्द केला. असा टायर रस्त्यावरही नको.