छिटावरची बंदी

एका राष्ट्राने दुसऱ्या राष्ट्राची विद्या आपल्या वेशीवर अडवावी, ही गोष्ट आज वर्तमानपत्रांच्या वाचकाला नित्याची झाली आहे. कधी परक्या देशाची दूरसंचार यंत्रे नकोत म्हणून मनाईहुकूम निघतो; कधी आपल्याकडील सूक्ष्म चिपा प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडू नयेत म्हणून निघतो. या दोन्ही तऱ्हांच्या बंदीचे मूळ शोधीत मागे गेले, म्हणजे सतराव्या शतकातील एका प्रकरणापाशी आपण येतो. त्यावेळी युरोपातील दोन महासत्तांना जी परकी विद्या भयावह वाटली, ती आपली होती. सुती कापडावर पक्का रंग चढविण्याची ती विद्या होय.

त्या काळी युरोपातील रंगाऱ्यास लोकर रंगविता येई, रेशीम रंगविता येई. सुतावर मात्र त्याचा रंग टिकत नसे. उलट मछलीपट्टण, बऱ्हाणपूर, अहमदाबाद इकडचे छीट धुतल्याने अधिकच खुले. यातील खुबी नुसत्या रंगात नव्हती. कोरोमंडल किनाऱ्यावरील कारागीर कापड प्रथम हिरडा आणि म्हशीचे दूध यांच्या मिश्रणात भिजवीत. मग जेथे तांबडे हवे तेथे तुरटीचे पाणी, जेथे काळे हवे तेथे लोखंडाचे पाणी कलमाने किंवा ठशाने लावीत, आणि नंतर ते कापड रंगाच्या मुळ्यांबरोबर उकळीत. तुरटी लागलेल्या जागीच तांबडा रंग धरी. बाकीचा धुऊन जाई. निळीची पाळी आली की उरलेला भाग मेणाने झाकून कापड निळीच्या पिंपात बुडवीत. हे सारे रसायनशास्त्रच होते. त्याला ते नाव तेवढे नव्हते. इंग्रजीतील ‘चिंट्झ’ हा शब्द आपल्या छिटावरूनच गेला, आणि फ्रेंचांनी तर या कापडाला देशाचेच नाव देऊन त्यास ‘अँदिएन’ म्हटले.

फ्रान्सने पहिला घाव घातला. लिऑंचे रेशीमवाले आणि लोकरीचे विणकर यांच्या तक्रारींवरून चौदाव्या लुईच्या सरकारने २६ ऑक्टोबर १६८६ रोजी हुकूम काढला. हिंदी छिटाची आयात बंद झालीच. पण फ्रान्समध्ये तसे कापड छापणेही बंद झाले, आणि छपाईचे ठसे मोडून टाकावेत असे ठरले. म्हणजे माल परका म्हणून वर्ज्य, आणि विद्या घरात रुजली तरी तीही वर्ज्य! आदल्याच वर्षी प्रॉटेस्टंट पंथीयांचे धर्मस्वातंत्र्य याच राजाने काढून घेतले होते. त्या पंथातील अनेक छपाईवाले सीमा ओलांडून निघून गेले, आणि जिनीव्हा, न्यूशातेल येथे छपाईचे कारखाने उभे राहिले. पुढे १७४६ मध्ये म्यूलूझ येथेही कारखाना निघाला. ते नगर तेव्हा फ्रान्सच्या राज्याबाहेर होते. तेथील माल चोरवाटांनी फ्रान्समध्ये येई, आणि सामान्य स्त्रियांच्या अंगावरील छीट दंडास पात्र ठरत असता दरबारातील स्त्रिया ते खुशाल मिरवीत.

इंग्लंडने १७०० मध्ये कायदा केला, तो दिसायला असाच, परंतु त्यात एक फट होती. बंदी होती ती रंगीत व छापील कापडाच्या वापरावर. कोरे पांढरे कापड जकात भरून आणता येत होते. लंडनच्या छपाईवाल्यांनी हे ताबडतोब हेरले. हिंदुस्थानचे पांढरे कापड, इंग्लंडची छपाई, असा धंदा जोरात सुरू झाला. मनाईहुकुमांचे मसुदे ज्यांनी स्वतः लिहिले आहेत, त्यांना हे नवल वाटणार नाही. मसुदा करणारा शिणतो तो मूळ कलमावर; व्यापारी वाचतो तो अपवाद.

विणकरांचा संताप १७१९ च्या उन्हाळ्यात लंडनच्या रस्त्यावर आला. स्पिटलफील्ड्सच्या रेशीम विणकरांच्या टोळ्या छिटाचे झगे घातलेल्या स्त्रियांना गाठून त्यांचे कपडे फाडू लागल्या. अखेर १७२१ मध्ये पार्लमेंटने दुसरा कायदा करून छापील सुती कापडाचा वापरच बंद केला. अंगावर आढळल्यास दंड ५ पौंड, विकल्यास २० पौंड. पण येथेही अपवाद राहिलेच. मलमल सुटली, सर्वस्वी निळे कापड सुटले, आणि जवसाच्या धाग्याचा ताणा व सुताचा बाणा असलेले लँकाशायरचे मिश्र कापडही सुटले. त्याला तर १७३६ मध्ये स्पष्ट मोकळीक मिळाली. शिवाय हिंदी छीट लंडनच्या वखारींत ठेवून बाहेर पाठविण्यास कधीच हरकत नव्हती. ते आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जाई आणि त्याच्या मोबदल्यात गुलाम विकत घेतले जात. इंग्रज स्त्रीच्या अंगाला जे वर्ज्य, ते माणसाची किंमत म्हणून चालत होते.

माझ्या मते या दोन देशांच्या इतिहासातील अंतर या अपवादांत आहे. फ्रान्सची बंदी ठसेसुद्धा मोडणारी, म्हणून तेथे ७३ वर्षे हात शिकले नाहीत. इंग्लंडची बंदी गळकी, म्हणून तेथील हात चालत राहिले.

फ्रेंच सरकारला हे कळत नव्हते असे नाही. १७३४ मध्ये बोल्यू नावाच्या नाविक अधिकाऱ्याने पुदुच्चेरी येथे रंगाऱ्यांचे काम पाहून टप्प्याटप्प्याची कृती लिहून काढली आणि सोबत कापडाचे नमुने जोडले. १७४२ मध्ये केर्दू या जेझुइट पाद्र्याने आपल्या ख्रिस्ती झालेल्या कारागिरांकडून तीच विद्या समजून घेऊन पत्राने कळविली, आणि ते पत्र छापलेही गेले. आपल्याकडे बापाच्या हातून मुलाच्या हाती जाणारी विद्या अशी परक्यांच्या कागदावर उतरली. आणि इतिहासात नावे राहिली ती लिहून घेणाऱ्यांची.

इंग्लंडकडूनही चोरी चालूच होती. जॉन होल्कर हा मँचेस्टरकडचा कापडाचा कसबी मनुष्य १७४५ च्या बंडात सापडला, न्यूगेटच्या तुरुंगातून पळाला आणि फ्रान्सच्या आश्रयाला गेला. (आपल्या इंदूरच्या होळकरांशी त्याचा उच्चारापलीकडे संबंध नाही.) त्याने गुप्तपणे इंग्लंडात परत जाऊन कारागीर फोडून आणले, आणि १७५५ मध्ये फ्रेंच सरकारने त्याला कारखान्यांचा निरीक्षक नेमले. १७५९ मध्ये, इंग्लंडशी युद्ध चालू असतानाच, फ्रान्सने छिटावरील बंदी उठविली. दुसऱ्याच वर्षी ओबरकाम्फ याने व्हर्सायजवळ झुई येथे कारखाना काढला. तो स्वतः जर्मन होता.

इंग्लंडात १७७४ हे वर्ष विशेष लक्षात ठेवण्याजोगे. आर्कराइटची यंत्रे आता भक्कम सुती धागा काढू लागली होती. त्याच्या खटपटीने पार्लमेंटने इंग्लंडात बनलेल्या निव्वळ सुती कापडावरील बंदी उठविली. आणि त्याच वर्षी दुसरा कायदा झाला : सुती व तागी धंद्यातील हत्यारे परदेशी पाठवू नयेत. कालपर्यंत आत येणारी विद्या अडविणारे सरकार आजपासून बाहेर जाणारी विद्या अडवू लागले. कुशल कारागिरांना फूस लावून परदेशी नेण्यास तर १७१९ पासूनच मनाई होती. तरीही १७८९ मध्ये सॅम्युएल स्लेटर हा तरुण यंत्रांची रचना केवळ डोक्यात साठवून अमेरिकेस निसटला, आणि पुढच्या वर्षी पॉटकेट येथे त्याने सूत काढून दाखविले. कारागिरांवरील मनाई १८२४ मध्ये गेली. यंत्रांवरील १८४३ मध्ये.

त्यानंतर ११ वर्षांनी, १८५४ मध्ये, कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत सूतगिरणीची कंपनी स्थापन केली, आणि १८५६ मध्ये ताडदेवच्या गिरणीचा भोंगा वाजला. यंत्रे लँकाशायरची होती. ती आता विकत मिळत होती. पण त्यांवर विणलेले कापड लँकाशायरच्या डोळ्यांत सलू लागताच १८९६ मध्ये हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसला. तो उठायला १९२६ साल उजाडले.