हसाजी म्हणजे कोण?

मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी उभारलं. मशीद बंदरजवळच्या सॅम्युएल स्ट्रीटला त्यांचंच नाव आहे. ‘सामाजी हसाजी’ वाचून एखादा मावळ्यांचा सरदार डोळ्यांपुढे येतो. पण दिवेकर बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. सामाजी म्हणजे सॅम्युएल, हे लगेच पटतं. हसाजी म्हणजे इझिकेल, हे मात्र समजून घ्यावं लागतं.

मूळ हिब्रू नाव येहेझ्केल. ‘हझक’ म्हणजे बळकट होणं, घट्ट धरणं, आणि ‘एल’ म्हणजे देव. देव बळ देवो, असा नावाचा अर्थ. यातला ‘ह’ आपल्या हळदीतला नव्हे. तो घशातून खरवडून काढावा लागतो.

हे नाव धारण करणारा बायबलमधला संदेष्टा इ.स.पू. ५९७मध्ये जेरुसलेमहून बॅबिलोनला नेलेल्या बंदिवानांपैकी एक. त्याच्या ग्रंथात त्याचं नाव फक्त दोनदा येतं, पण नावातला धातू ठिकठिकाणी भेटतो. तिसऱ्या अध्यायात देव त्याचं तोंड आणि कपाळ हट्टी लोकांइतकंच कणखर करतो, तिथे ‘कणखर’साठी हाच धातू आहे. नावाचा अर्थ असा त्याच्या कपाळावरच उमटलेला पाहून मी थक्क झालो. सिनेगॉगमध्ये तोराहचा, म्हणजे ज्यूंच्या पवित्र संहितेचा, एकेक ग्रंथ वाचून संपला की सगळे उभे राहून ‘हझक, हझक’ म्हणतात, तोही हाच शब्द.

पुढे नाव दोन वाटांनी गेलं. ग्रीक लिपीत त्या घशातल्या ‘ह’साठी अक्षरच नव्हतं. तो गळाला आणि लॅटिनमार्गे इंग्रजीत ‘इझिकेल’ आलं. बगदादच्या ज्यूंनी ‘ह’ जपला. त्यांच्या तोंडी ते ‘हेस्केल’ झालं. कोकणात शेवटचा ‘केल’ सुटला, उरलेल्या ‘हस’ला ‘जी’ जोडला, जसं येसाजी, तानाजी. तसंच इसहाकचं इसाजी झालं.

म्हणजे इंग्रजी रूपात देव राहिला आणि ‘ह’ गेला; मराठी रूपात देव गेला, पण बळाचा ‘ह’ टिकला. म्हणून ‘हसाजी’ला अपभ्रंश म्हणणं मला मान्य नाही. मराठीने ते नाव आपल्या रीतीने घरात घेतलं. कवी निसीम इझिकेल (१९२४–२००४) हेही बेने इस्राएलच. त्यांचं आडनाव आणि दिवेकरांच्या वडिलांचं नाव, दोन्ही एकच शब्द आहेत.