लंडन आधी जवळ आलं

साल १९१५. युरोपात महायुद्ध पेटलेलं असताना रोह्याच्या एका वकिलाचा मुलगा शिकायला विलायतेला निघाला. चिंतामण द्वारकानाथ देशमुख हे त्याचं नाव. सुएझमार्गे मुंबई ते लंडन हा पल्ला सुमारे साडेअकरा हजार किलोमीटरचा, आणि आगबोटीला तीनेक आठवडे लागायचे. १८६९ मध्ये कालवा खुला होण्याआधी तर आख्ख्या आफ्रिकेला वळसा पडत असे. केंब्रिजला शिकलेले देशमुख १९१८ मध्ये आयसीएसच्या परीक्षेत पहिले आले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर ते हेच.

विलायतेच्या बोटीत पाय ठेवण्याआधी मुंबई गाठावी लागे, आणि खरी दगदग तिथेच होती. पेण ते मुंबई आज रस्त्याने ऐंशीएक किलोमीटर. पण त्या काळी पेणची वाट अंतोरा आणि धरमतर बंदरांवरून जायची, रोह्याची कुंडलिकेतून. खाडीत पाणी चढलं तर होडी हलणार; ओहोटी लागली की गाळात बसून राहायचं. पावसाळ्यात हा प्रवास जिवावरचा होई.

१७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वाटेत बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. आषाढी अमावास्या होती, सणाला घरी निघालेले कितीतरी चाकरमानी तिच्यात होते. काही तासांचा प्रवास, पलीकडचा किनारा नजरेच्या टप्प्यात, आणि माणसं घरी पोचली नाहीत. या किनाऱ्याच्या इतिहासातलं हे एक फार मोठं दुःख.

त्यानंतर वर्षही उलटलं नव्हतं. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला झेपावलं. हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. तीन आठवड्यांचा प्रवास जवळपास एका दिवसावर आला. १९६० मध्ये बोइंग ७०७ जेट आलं आणि तो आणखी आटला. आज थेट विमान नऊ-दहा तासांत पोचतं.

रोह्याला रेल्वे मात्र १९८६ मध्ये आली! दिवा-पनवेल लोहमार्ग १९६४ चा, तो १९६६ मध्ये आपट्यापर्यंत सरकला. पुढे पेणवरून रोह्याला यायला त्याला आणखी वीस वर्षं लागली. मुंबईहून लंडनला जेट उडू लागल्यावर सव्वीस वर्षांनी रोहेकरांना घरच्या स्टेशनात गाडी मिळाली. कोकण रेल्वे इथूनच खाली मंगळूरकडे निघाली. तिची पूर्ण वाट १९९८ मध्ये खुली झाली.

पेणचे गणपती मात्र अजूनही जुन्याच, समुद्राच्या वाटेने परदेशी जातात. मूर्ती जड, नाजूक आणि संख्येने अफाट. विमानाचं भाडं परवडणारं नाही. म्हणून हमरापूर, जोहे, पेणच्या कारखान्यांतला परदेशी माल चतुर्थीच्या कितीतरी महिने आधी गवताच्या पेंढ्यात, खोक्यांत बांधून कंटेनरमध्ये चढतो. लंडनच्या मराठी घरात भाद्रपदात बसणाऱ्या बाप्पासाठी पेणमध्ये हात आदल्या हिवाळ्यातच मातीला लागलेले असतात. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा युरोपची अनेक मालवाहू जहाजं केप ऑफ गुड होपवरून फिरवावी लागली. म्हणजे १८६९ च्या आधीचाच वळसा, दहा-बारा दिवस जास्तीचे.