नारूचा धडा

आज ताडकळसच्या शाळेतील एखाद्या मुलास ‘नारू म्हणजे काय?’ असे विचारले, तर तो बहुधा गोंधळून जाईल. त्याच्या आजोबांना मात्र हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. एक जुनाट व्याधी अशी विस्मृतीत गेली, ही आनंदाचीच गोष्ट होय; पण ती कशी गेली हेही विसरले जावे, हे आम्हांस इष्ट वाटत नाही.

आपला परभणी जिल्हा बारवांचा. वालूर, चारठाणा येथील बारवा पाहिल्या म्हणजे त्या बांधणाऱ्यांना धन्यवाद द्यावेसे वाटतात. पायऱ्या उतरून थेट पाण्याशी जावे, पाय धुवावे, घागर भरावी, ही सोय मोठीच. परंतु पायऱ्यांच्या विहिरींची नेमकी हीच सोय नारूच्या पथ्यावर पडे.

नारू हा दोऱ्यासारखा कृमी. हात-दोन हात लांबीची त्याची मादी बहुधा पायावर फोड आणून बाहेर डोकावते. आग शमविण्यासाठी रोगी पाय पाण्यात बुडवितो, आणि ती हजारो अळ्या पाण्यात सोडते. सायक्लॉप्स नावाचा सूक्ष्म जलजीव त्या गिळतो. त्याच्या शरीरात त्या सुमारे दोन आठवडे वाढतात. ते पाणी न गाळता जो पितो, त्याच्या अंगातून वर्षभराने नारू निघतो. मग तो काडीवर गुंडाळून रोज थोडाथोडा ओढावयाचा! ऐन हंगामात कर्ता माणूस अंथरुणास खिळला, म्हणजे त्या घराचे वर्षच बुडाले.

सायक्लॉप्सचा हा वाटा रशियन शास्त्रज्ञ फेदचेन्को यांनी १८७० च्या सुमारास मध्य आशियात ओळखला. पण ते ज्ञान आपल्या पाणवठ्यावर पोहोचण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. १९८४ साली देशातील ७ राज्यांत सुमारे ४० हजार रुग्ण होते; महाराष्ट्र त्या ७ राज्यांपैकी एक. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा हाती ना लस होती, ना रामबाण औषध. होते ते केवळ जीवनचक्राचे ज्ञान. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून पाणी वरून शेंदण्याची सोय केली, हातपंप बसविले, सायक्लॉप्स मारणारे औषध पाण्यात टाकले आणि घरोघर दाट फडक्याने पाणी गाळण्यास शिकविले. शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात आढळला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त ठरविला.

मग वर्गात आपण काय शिकवितो? अंडे, अळी, कृमी अशी नावे पाठ करून घेतो आणि परीक्षेनंतर मुले ती विसरतात. त्यापेक्षा तळ्याचे पाणी काचेच्या बरणीत आणावे, भिंगातून सायक्लॉप्स दाखवावा आणि विचारावे: ‘ही साखळी तू कोठे तोडशील?’

हा प्रश्न जुना झालेला नाही. २०१५ पासून शाळांतून जंतनाशक गोळी दिली जाते. ती आवश्यकच आहे. पण अंकुशकृमीची अळी मातीतून अनवाणी पायात शिरते. गोळीने आजचा जंत मरतो. उघड्यावरील शौच आणि अनवाणी पाय राहिले, तर उद्याचा जंत येतोच. त्याची वाट अडविण्यास ती साखळी मुलालाच उमगली पाहिजे. नारूला अखेर हद्दपार केले ते एका फडक्याने, आणि ते फडके का धरावयाचे हे समजलेल्या माणसांनी.