कागद, साचा आणि यंत्र

जबलपूरचे नाव घेतले की मराठी माणसाला नर्मदा आठवते, भेडाघाटचे संगमरवरी कडे आठवतात, आणि इतिहासाचा नाद असलेल्यांना नागपूरकर भोसल्यांचा अंमल आठवतो. १७९८ पासून १८१७ च्या अखेरीपर्यंत हा मुलूख भोसल्यांकडे होता. त्यानंतरही १९५६ साली प्रांतांची फेररचना होईपर्यंत नागपूर आणि जबलपूर ही दीर्घकाळ एकाच प्रांतातली शहरे होती. परंतु या शहराचे आणखी एक रूप आहे, आणि ते कारागिरांचे आहे. १९०४ साली येथे तोफांचे गाडे बनविण्याचा कारखाना निघाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आला. १९४७ साली सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. आणि २००५ साली, भारत-जपान सहकार्यातून, पंडित द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या नावाने एक नवी संस्था उभी राहिली. तिच्या नावात माहिती-तंत्रज्ञानाच्या जोडीला ‘अभिकल्पन’ आणि ‘विनिर्माण’ असे दोन शब्द आहेत.

अभिकल्पन म्हणजे वस्तू मनात आणि आराखड्यात रचणे. विनिर्माण म्हणजे ती प्रत्यक्ष घडविणे. या दोहोंमध्ये एक दरी असते. ती ओलांडण्याचा जुना मार्ग कोणता होता, हे लोखंडाच्या ओतशाळेत दिसते. तेथे वस्तू ओतण्यापूर्वी सुतार तिची लाकडी प्रतिकृती करीत असे. ती वाळूत दाबावयाची, तिने सोडलेल्या पोकळीत रस ओतावयाचा. बीड निवताना शेकडा एक इतके आकसते, म्हणून प्रतिकृती तेवढी मोठी ठेवावी लागे. त्यासाठी कारागिरापाशी मापेच वाढवून आखलेली निराळी पट्टी असे. अशी प्रतिकृती चुकली तर दिवसांचे श्रम वाया जात. साहजिकच ते काम मुरलेल्या हाताकडेच जाई, आणि विद्यार्थ्याच्या वाट्याला बहुधा कागदावरची आकृतीच येई.

आज विद्यार्थी संगणकाच्या पडद्यावर वस्तू रचतो, तिच्या बाजू उलगडून पुठ्ठ्यावर उतरवितो, कापून, घडी घालून, चिकटवून पाहतो, आणि मग त्रिमितीय मुद्रणयंत्राकडे वळतो. हे सारे नवे भासते. पण त्याची मुळे फार जुनी आहेत. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने १५२५ साली छापलेल्या भूमितीच्या ग्रंथात घनाकृती उलगडून सपाट मांडल्या होत्या, म्हणजे त्या कापून घडी घातली की पुन्हा घनाकृती उभी राहावी. १८९२ साली अमेरिकेत जोसेफ ब्लँथर याने उठावाचे नकाशे करण्याच्या एका रीतीचे पेटंट घेतले. समोच्च रेषांप्रमाणे मेणाचे पातळ पत्रे कापावयाचे आणि एकावर एक रचावयाचे, की डोंगर तयार! भूगोलाच्या तासाला ज्याने पुठ्ठ्याचे थर चिकटवून सह्याद्री उभा केला असेल, त्याला ही रीत सांगावयास नको. भेडाघाटची दरी अशीच करून पाहावी: पाण्याजवळचे थर जवळजवळ सारख्याच कडेचे कापावे लागतात, आणि कडा किती सरळ तुटलेला आहे हे नकाशापेक्षा कात्रीच अधिक स्पष्ट सांगते.

त्रिमितीय मुद्रणाचे तत्त्व नेमके हेच आहे. जपानातील नागोया येथील संशोधक हिदेओ कोदामा यांनी १९८० च्या सुमारास प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रवाचे थरावर थर चढवून वस्तू घडविली. त्यांचे पेटंट मात्र पुरे झाले नाही. १९८६ साली अशाच रीतीचे पेटंट अमेरिकेच्या चार्ल्स हल यांना मिळाले. वितळलेल्या प्लास्टिकचा धागा थरांनी अंथरण्याची रीत पुढे आली, आणि तिचे मूळ पेटंट २००९ साली संपल्यावर ही यंत्रे शाळा-महाविद्यालयांच्या आवाक्यात आली.

यात खरा लाभ कोणता? यंत्र वेगाने काम करते, हा नव्हे. खरा लाभ असा की चूक स्वस्त झाली. लाकडी प्रतिकृतीची चूक महाग, छापलेल्या वस्तूची त्याहून स्वस्त, आणि पुठ्ठ्याची सर्वांत स्वस्त. ज्याला चुकणे परवडते तोच प्रयोग करू धजतो. म्हणूनच घाईने पुठ्ठ्याची पायरी गाळणे हितावह नाही. यंत्र आराखड्यातला दोष इमानाने छापून देते. बिजागरी अडते का, झाकण बसते का, हे बोटांना आधी कळते. शिवाय छापलेले प्लास्टिकही निवताना आकसते, कोपऱ्यांशी उचलले जाते. ओतशाळेतल्या सुताराला ठाऊक असलेली गोष्ट नव्या विद्यार्थ्यालाही शिकावीच लागते.

ही विद्या मोठ्या संस्थांपुरती नाही, याची साक्ष महाराष्ट्रातच आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापिला. काम करता करता शिकणे, हे तेथले सूत्र. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेने ‘फॅब लॅब’ म्हणून जी कार्यशाळा कल्पिली, ती त्या संस्थेबाहेर प्रथम जेथे निघाली त्यांत २००२ साली पाबळचे स्थान अग्रभागी होते.

तोफगाड्यांच्या शहरातला विद्यार्थी असो की पाबळच्या माळावरचा, त्याच्या हाती आलेले साधन एकच आहे. त्या साधनाने केवळ दुसऱ्याच्या आराखड्याच्या प्रती काढल्या तर आपल्याकडे यंत्रे चालविणारे वाढतील. आधी पुठ्ठा हाती घेऊन स्वतःच्या आराखड्याची परीक्षा घेण्याची सवय लागली, तर कारागीर वाढतील.