मुक्या अक्षरांची गोष्ट

पाचवीत 'नाइफ'मधला 'के' विसरलो म्हणून मी छडी खाल्ली होती. जे बोलायचं नाही ते लिहायचं कशाला, असं विचारलं तेव्हा दुसरी मिळाली. पुढे कळलं, की हाच प्रश्न अमेरिकेच्या एका अध्यक्षांनाही पडला होता. छडी त्यांनाही चुकली नाही.

हा 'के' मुळात मुका नव्हता. एके काळी इंग्रज तो चांगला उच्चारत. १४७६ साली विल्यम कॅक्स्टननं इंग्लंडमध्ये छापखाना आणला. पुढे जिभा बदलत गेल्या, छापील अक्षरं मात्र जागची हलेनात. त्यात विद्वानांची भर. कर्जाला इंग्रजीत 'डेट' म्हणतात. हा शब्द फ्रेंचांकडून आला तेव्हा त्यात 'बी' नव्हता. लॅटिन मुळाची आठवण म्हणून तो मागाहून घुसवला. म्हणजे कर्ज काढलं फ्रेंचांकडून आणि व्याज भरतोय लॅटिनला!

अमेरिकेच्या नोआ वेब्स्टरनं आपल्या कोशात 'कलर'मधला 'यू' काढला. लोकांनी मानलं. पण जिभेला म्हणतात तो 'टंग' टी-यू-एन-जी असा लिहा म्हटल्यावर कुणाची लेखणी वळेना.

१९०६ साली पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीच्या पैशांवर स्पेलिंग सोपं करणारं मंडळ निघालं. त्यानं ३०० शब्दांची यादी केली. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट खूश झाले. ऑगस्टमध्ये त्यांनी सरकारी छापखान्याला हुकूम दिला, की यापुढे या यादीप्रमाणे छापा. 'थ्रू'मधले ओ, जी, एच गेले, 'दो'मधले यू, जी, एच गेले. वर्तमानपत्रांना आयती चंगळ मिळाली. डिसेंबरमध्ये प्रतिनिधिगृहानं मोठ्या बहुमतानं जुनंच स्पेलिंग राखायला सांगितलं. अध्यक्षांनी हुकूम मागे घेतला.

बर्नार्ड शॉ १९५० साली वारले, ते इंग्रजीला नवी लिपी मिळावी म्हणून मृत्युपत्रात पैसे ठेवून. १९६२ साली त्यांचं एक नाटक त्या लिपीत छापलंही गेलं. समोरच्या पानावर मात्र जुनी लिपी ठेवावी लागली, नाहीतर वाचणार कोण?

योगायोग असा, की त्याच १९६२ साली महाराष्ट्र सरकारनं मराठीचे नवे लेखननियम स्वीकारले. 'नांव', 'पांच' यांवरचे मुके अनुस्वार गेले. पाठ्यपुस्तकं बदलली आणि आम्ही मुलं बिनबोभाट नवं शिकलो. रूझवेल्टना जे हुकमानं साधलं नाही, ते इथे शाळेच्या पुस्तकानं केलं.

माझे अब्बा मात्र अखेरपर्यंत 'नांव'च लिहीत. तरुणपणी मी त्यांची पत्रं लाल शाईनं दुरुस्त करायचो. आता ती काढून बसतो तेव्हा तो ठिपका आधी शोधतो. बोलत नाही काही, पण अक्षर अब्बांचं आहे एवढं सांगतो.

पोरांना छडी नको, हे माझं मत आजही कायम आहे. फक्त मुक्या अक्षरांवरचा राग आता गेला आहे.